कानवाल्यांचा खोकला

खड्डा छातीएवढा खोल गेला तरी माती कोरडीच येत होती.

"अजून हातभर घ्या," कानवाले म्हणाले.

खोदणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या थोराड माणसाने पहार बाजूला टाकली, मूठभर माती उचलली आणि कडेला उभ्या असलेल्या इंजिनीअरबाईंच्या बुटांसमोर सोडली. ती भुरकन उडाली.

"पाइप लागला का?" बाईंनी विचारलं.

"लागला की. ठणठणीत आहे. अंगावर घामसुद्धा नाही त्याच्या."

कानवाले खड्ड्याच्या काठावर वाकून पाहत राहिले. पाइप खरंच ठणठणीत होता. सकाळच्या उन्हात कोरडा, मातकट आणि अगदी निर्लज्ज दिसत होता. खड्ड्याच्या कडेला त्यांनीच रात्री खडूने मारलेली फुली अर्धी शिल्लक होती. तिच्यावर पाय ठेवून उभं राहावं म्हणजे कुणाला दिसणार नाही, असा एक पोरकट विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

पाणीपुरवठा खात्यात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्यांसाठी ते कानवाले. जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते कानाने शोधायचं, हे त्यांचं काम. हत्यार एकच, चार फुटांची लोखंडी दांडी आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. दांडी रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा, श्वास रोखायचा आणि ऐकायचं. पाणी जिथून निसटत असेल तिथे खालून बारीक शीळ येते. जिथे ती सगळ्यात मोठी, तिथे फुली. दिवसा गाड्यांच्या गोंगाटात हे जमत नाही, म्हणून रात्री दोन ते चार ही त्यांची वेळ. बावीस वर्षांत त्यांची फुली चार-सहा हात इकडेतिकडे झाली असेल, पण कोरडा खड्डा कधी निघाला नव्हता. खोदणारे नव्या माणसाला सांगत, कानवाल्यांची फुली असेल तर डोळे मिटून पहार घाल. आज डोळे मिटून घातली आणि तोंडात माती गेली.

"काका, तुमच्याकडून असं कधी होत नाही," इंजिनीअरबाई म्हणाल्या. वयाने त्या त्यांच्या मुलीएवढ्या. चिडल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. "टाकीची पातळी रोज रात्री उतरतेय. वरच्या घरांमध्ये करंगळीएवढी धार येतेय. पाणी जातंय हे नक्की, कुठे जातंय तेवढं सांगा मला."

"आज रात्री परत ऐकतो."

"आज रात्रीच ऐका. मुख्य ऑफिस सोमवारी गळती शोधायचं मशीन पाठवतंय. त्याच्याबरोबर शिकवलेली दोन माणसं. आज सापडलं तर मी त्यांना म्हणू शकते, आमच्याकडे माणूस आहे, गरज नाही. पण अजून एक कोरडा खड्डा निघाला ना काका, तर मला तोंड उघडायला जागा राहणार नाही. मग तुम्हाला मीटरच्या गोदामात जावं लागेल."

कानवाल्यांनी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर खोकला आला असता. गेले चार महिने तो त्यांनी खात्यापासून लपवून ठेवला होता. कधी शिंकेच्या नावाखाली, कधी धुळीच्या, आणि बाकीचा आतल्या आत गिळून.

घरी येऊन ते पलंगावर आडवे झाले. बायको कामावर गेली होती. घरात सामसूम होती. दोन मिनिटं गेली आणि कुठूनतरी बारीक शीळ ऐकू आली. बावीस वर्षांची सवय, ते ताडकन उठले आणि मोरीतला नळ पाहून आले. कोरडा. स्वयंपाकघरातला पाहिला. तोही कोरडा. पुन्हा आडवे झाले तर शीळ पुन्हा सुरू.

ते थिजल्यासारखे पडून राहिले. मग त्यांनी हळूच छातीवर हात ठेवला.

काल रात्रीची सगळी गोष्ट त्यांना एका क्षणात उलगडली. पूर्वी ते दांडीला कान लावला की श्वास रोखून धरत, अगदी मिनिटभर. आता श्वास रोखला की घशात खवखव सुटायची आणि खोकल्याची ढास लागायची. म्हणून काही दिवसांपासून ते श्वास न रोखता बारीक बारीक घेत होते. आणि फुली कुठे पडली होती? चढ संपतो तिथे. चढून आल्यावर त्यांना धाप लागली होती, छाती नेहमीपेक्षा जोरात वाजत होती, आणि त्यांनी वाटीला कान लावून मोठ्या विश्वासाने स्वतःच्याच फुप्फुसांवर फुली मारली होती.

हे कुणाला सांगायचं? हसायलाही येईना.

दुपारी बायको आली. ती एका शाळेच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं चिकटवायचं आणि शिवायचं काम करी. आल्या आल्या पर्स खुंटीला लावत म्हणाली, "आज काय केलं माहितीये मी? भूगोलाच्या पुस्तकाला उलटं कव्हर चिकटवलं. सगळं जग पालथं. ग्रंथालयाच्या बाई हसून हसून लोळल्या."

"लक्ष कुठं असतं तुझं?"

"असतं कुठंतरी." तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. खड्डा कोरडा निघाला."

ती खुर्चीत बसली. तिचं हसू मावळलं. नवऱ्याच्या कामातलं तिला फारसं कळत नसलं, तरी कोरडा खड्डा म्हणजे काय एवढं इतक्या वर्षांच्या संसारात कळलं होतं. त्यांनी मशीनचं सांगितलं, गोदामाचं सांगितलं. छातीचं सांगितलं नाही.

"मग आज काहीही करून खोकला थांबला पाहिजे," ती म्हणाली आणि पदर खोचून उठली.

या घरात चार महिन्यांत खोकल्यावर जेवढे उपाय झाले तेवढे एखाद्या दवाखान्यात वर्षभरात होत नसतील. सुरुवात आल्याच्या रसाने झाली. आल्याचा रस आणि मध, झोपण्याआधी चमचाभर. त्याने घसा तासभर मऊ राही, हे कानवाले प्रामाणिकपणे मान्य करत. मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आल्या. त्यांच्या आवाजाने शेजारीण जागी झाली आणि तिने स्वतःचा उपाय आणून दिला, कांदा चिरून मधात बुडवून ठेवायचा आणि सुटलेलं पाणी प्यायचं. तो पिऊन कानवाले दोन दिवस कुणाशी जवळ जाऊन बोलू शकले नाहीत. लवंग गालात धरून झाली. ज्येष्ठमधाची काडी चघळून झाली. डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेताना नाक भाजून झालं. हवा कोरडी नको म्हणून खोलीत खुर्चीवर ओला टॉवेल वाळत पडू लागला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आल्या. त्यामुळे खोकला थोडा कमी झाला, पण कानवाले झोपेत हळूहळू पायथ्याकडे घसरत, आणि रात्री एकच्या गजराला उठत तेव्हा गुडघे पोटाशी आलेले असत.

दूर नोकरीला असलेली मुलगी फोनवरून यादीच वाचून दाखवायची. "बाबा, रात्री उशिरा जेवू नका. झोपायच्या आधी कोमट पाणी घ्या. डाव्या कुशीवर झोपून बघा." आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "आणि यात लिहिलंय, तीन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर डॉक्टरांना दाखवा."

"ते सगळ्याच याद्यांच्या खाली लिहिलेलं असतं," कानवाले म्हणायचे.

त्यांना डॉक्टर नको होता असं नाही, त्यांना डॉक्टरचा कागद नको होता. खात्याच्या दवाखान्यात गेलं की कागद ऑफिसात जातो. पन्नाशी उलटलेला माणूस, छातीची तक्रार, रात्रपाळी बंद. बाहेरच्या डॉक्टरकडे गेलं तर तो छातीचा फोटो काढायला सांगेल, आणि फोटोत काय निघेल या विचाराशी आले की ते विषय बदलत. बायकोने दोनदा नाव काढलं होतं. दोन्ही वेळा ते तिच्यावर खेकसले होते. तिसऱ्यांदा तिने नाव काढलं नाही, विटा आणल्या.

त्या संध्याकाळी तिने काहीच बाकी ठेवलं नाही. साडेसहाला हलकं जेवण, सातला वाफ, आठला गुळण्या, मग मध आणि आलं. साडेआठला दिवा मालवला. कानवाले कामाच्या दिवशी साडेआठ ते एक झोपत. ती त्यांच्या शेजारी पाठ करून झोपायची. तिचा श्वास लगेच संथ व्हायचा. त्यांना तिचा हेवा वाटे आणि बरंही वाटे, की चला, एक माणूस तरी झोपतंय. तिची झोप मोडू नये म्हणून ते खोकला आला की उशीत तोंड खुपसत.

त्या रात्री ते अकरा वेळा उशीत तोंड खुपसून खोकले. झोप आलीच नाही. मनात सारखं एकच, श्वास रोखता आला पाहिजे. निदान वीस मोजेपर्यंत. अंधारात पडल्या पडल्या त्यांनी करून पाहिलं. सातपर्यंत गेले आणि ढास लागली.

एक वाजता उठून त्यांनी आवाज न करता कपडे घातले, दांडी घेतली आणि बाहेर पडले.

चावीवाला चौकात थांबलाच होता. रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे हे त्याचं काम. खांद्यावर माणसाएवढी लांब चावी आणि तोंडाला कुलूप नाही असा गडी.

"कानवाले, काल काय झालं हो? सगळं ऑफिस तेच बोलतंय. कोण म्हणतं कान गेला, कोण म्हणतं नजर लागली."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, माणूस आहे, चुकला. पण आज चुकू नका बुवा. मशीनवाल्या पोरांबरोबर मला नाही जमायचं. ती पोरं कानात काहीतरी घालून फिरणार, मी बोलायचं कुणाशी?"

"तू खालचा व्हॉल्व्ह बंद कर आणि तिथेच थांब. चारला उघड. बोलू नकोस."

चावीवाला गेला. रस्त्यावर कानवाले एकटे उरले. दोन्ही बाजूंना बंद दुकानांची लोखंडी दारं, वर घरांच्या काळ्या खिडक्या. ते एकेका घराच्या नळजोडावर दांडी टेकवत पुढे सरकू लागले. पहिल्या सात-आठ ठिकाणी शीळ होती. सगळीकडे सारखीच. आता त्यांना ती कळत होती, ती त्यांचीच होती. घरचं माणूस गर्दीत उगाच मध्ये मध्ये यावं तशी ती प्रत्येक वेळी कानात येऊन उभी राही.

शिंप्याच्या दुकानासमोर ते थांबले. इथे शीळ वेगळी वाटली. का वाटली? खरंच वेगळी होती, की वेगळी असावी असं त्यांना वाटत होतं म्हणून? त्यांनी श्वास रोखला. एक, दोन, तीन, चार. शीळ आहे. पाच, सहा. आहे बहुतेक. आणि मग छातीतून जे उसळलं ते त्यांना आवरलं नाही. दांडी हातातून सुटून रस्त्यावर खणखणली. ते दुकानाच्या पायरीवर वाकून खोकत राहिले. कुत्रं भुंकायला लागलं. वरची खिडकी धाडकन उघडली.

"अहो, कोण मरतंय तिकडे? झोपू द्या की लोकांना!"

"माफ करा," कानवाले म्हणाले, पण आवाज फुटलाच नाही.

खिडकी बंद झाली. त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. चारला भाजीचे ट्रक सुरू होतील, मग काही ऐकू येणार नाही. त्यांनी पुन्हा दांडी लावली. चारपर्यंत मोजलं आणि ढास. पुन्हा लावली. तीनपर्यंत. घशात नुसते काटे उभे राहिले होते. इथे फुली मारावी का? खरी निघाली तर सगळं वाचलं. खोटी निघाली तर सोमवारी गोदाम. त्यांनी खिशातून खडू काढला.  आयुष्यात पहिल्यांदाच ते अंदाजाने फुली मारणार होते, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"थांबा," मागून आवाज आला.

ते दचकून वळले. बायको. अंगावर शाल, पायात घरातल्याच चपला, हातात थर्मास.

"तू? या वेळी? वेड लागलंय का तुला?"

"थर्मास विसरलात. ओट्यावरच राहिला. चौकापासून खोकला ऐकू आला, त्यावर आले."

"म्हणून अपरात्री एकटी आलीस?"

"तुम्ही नाही का रोज येत एकटे?" तिने झाकणात कोमट पाणी ओतलं, त्यात मधाची बाटली तिरकी केली, बोटानेच ढवळलं आणि पुढे केलं. "आधी प्या. मग ओरडा."

ते प्यायले. घसा जरा सैल झाला. तिने त्यांच्या हातातला खडू पाहिला.

"सापडलं?"

त्यांनी मान हलवली. धड हो म्हणून नाही, धड नाही म्हणूनही नाही. मग पायरीवर बसले आणि जे दिवसभर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. मान वर न करता, भराभर. छाती वाजते. काल तीच ऐकली आणि फुली मारली. आज इथे काहीतरी आहे असं वाटतंय, पण ते पाण्याचं आहे की माझं, ते मला कळत नाही. श्वास रोखता येत नाही. माझ्याच आवाजाच्या मागे पाणी लपलंय.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला द्या ती."

"काय?"

"दांडी द्या. मी ऐकते."

"अगं, हे काय गंमत आहे का? दोन-दोन वर्षं लागतात कान तयार व्हायला."

"द्या तर."

बावीस वर्षांत त्यांनी ती वाटी कुणाच्या कानाला लागू दिली नव्हती. चावीवाल्याने एकदा चेष्टेत उचलली तर त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. त्यांनी दांडी तिच्या हातात दिली, नळजोडाच्या झाकणावर टेकवून दिली आणि ते चार पावलं मागे सरकून उभे राहिले.

ती वाकली. शाल खांद्यावरून घसरली ती तिने सावरली नाही. बराच वेळ तिने वाटीवरून कान हलवला नाही. कानवाल्यांच्या घशात पुन्हा खवखव सुरू झाली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी आलं.

"आहे," ती म्हणाली. "बारीक आवाज आहे. आणि हा तुमचा नाही."

"कशावरून म्हणतेस?"

"तुमचा मला माहितीये." तिने कान काढला नाही, तशीच वाकून बोलत होती. "तुमचा श्वास सोडताना वाजतो. घेताना नाही. शेवटी जरा वर चढतो आणि मग थांबतो. कधी कधी खूप वेळ थांबतो. तो थांबला ना, की मी मोजायला लागते. दहापर्यंत नाही आला तर तुम्हाला हलवायचं, असं ठरवलंय मी. हा मघापासून थांबतच नाहीये. हा तुमचा नाही."

कानवाले दोन पावलं पुढे आले.

"तू झोपलेली असतेस," ते म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"मी ऐकतो ना. तुझा श्वास संथ झालेला असतो."

"मी झोपले असं वाटलं की तुम्ही जरा मोकळेपणानं खोकता. नाहीतर उशीत तोंड घालून गुदमरता नुसते."

चार महिने. बावीस वर्षं जमिनीखालचं ऐकणाऱ्या माणसाला हातभर अंतरावर जागं असलेलं माणूस ऐकू आलं नव्हतं. त्यांना एकदम तिचे खोल गेलेले डोळे दिसले, उलटं चिकटवलेलं ते कव्हर आठवलं, आणि आपण तिच्यावर खेकसलो ते दोन्ही प्रसंग आठवले.  पण वेळ नव्हता.

"पुढे सरक," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दोन पावलं. रस्त्यावरच टेकव. सरळ धर, हात सैल सोड. मोठा झाला की लहान?"

"लहान."

"परत ये. आता डावीकडे."

"मोठा झाला."

"अजून एक पाऊल."

"अहो, इथे तर... इथे खूपच आहे. जणू कुणी दातांतून हवा सोडतंय."

"अजून एक पाऊल जा. खात्री कर."

"लहान झाला."

"मग मागे. तिथेच थांब. हलू नकोस." ते तिच्या पायापाशी गुडघ्यांवर बसले आणि दांडीच्या टोकाभोवती फुली मारली. फुली मारून होते न होते तोच लांबून पहिल्या ट्रकची घरघर ऐकू आली. आणि मग त्यांनी खोकला येऊ दिला. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून शेजारी उभी राहिली. या वेळी खिडकी उघडली तर ती भांडायला तयार होती.

सकाळी आठला पहार लागली. कंबरभर खड्डा झाला तोच माती काळी पडली, मग चिखल झाला, आणि थोराड माणूस ओरडत बाहेर उडी मारून आला. पाण्याची धार त्याच्या छातीवर आली होती. चावीवाला व्हॉल्व्ह बंद करायला पळाला, पळता पळता ज्याला त्याला सांगत गेला, की बघा, मी म्हटलं नव्हतं? शिंपी दुकान उघडायचं सोडून बघत उभा राहिला.

इंजिनीअरबाई हसत हसत आल्या. "काका, हातभरसुद्धा चुकला नाहीत! मी आत्ता फोन करते मुख्य ऑफिसला. मशीन नको म्हणून सांगते. तुमचा कान आहे तोवर..."

"मॅडम, एक मिनिट."

रात्रभर जागलेल्या माणसाला एवढी अक्कल असायला हवी होती की गप्प बसावं. चावीवाल्याला माहीत नव्हतं, खिडकीतल्या माणसाला माहीत नव्हतं. बायको मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हती. उलट सकाळी घरातून परत निघताना तीच म्हणाली होती, मी येत जाईन ना रोज, कुणाला कळतंय? झोप तशीही येत नाही. हे वाक्य ऐकल्यापासून कानवाले अस्वस्थ होते. तिने हसून सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित मनावर घेतलं नसतं. पण ती अगदी मनापासून म्हणाली होती.

"कान माझा नव्हता," ते म्हणाले.

बाईंना आधी कळलं नाही. मग कानवाल्यांनी सगळं सांगितलं. चार महिन्यांचा खोकला, कालचा खड्डा, आजची फुली. बोलताना दोनदा ढास लागली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती लपवली नाही. बाई ऐकत राहिल्या. त्यांच्या हातातला फोन तसाच होता.

"काका, हे मला आता लिहावं लागेल. तुम्हाला कळतंय ना?"

"लिहा."

"तुम्ही काहीच बोलला नसता तर..."

"तर सोमवारी रात्री ती परत आली असती," कानवाले म्हणाले. "आणि मंगळवारी. मी गोदामात झोपेन मॅडम. ती कुठे झोपेल?"

बाईंनी फोन पिशवीत ठेवला. खड्ड्यातल्या पाण्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "दवाखाना नऊला उघडतो. आजच जा. चिठ्ठी देते."

खात्याच्या दवाखान्यात भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक होता आणि तो माणसांनी भरलेला होता. कुणाच्या हाताला पट्टी, कुणाच्या मांडीवर तापलेलं मूल. कानवाले आणि त्यांची बायको टोकाला बसले. त्यांचा नंबर सतरावा होता. तिने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढून वाचली.

"फोटो काढतील ना छातीचा?" तिने विचारलं.

"काढतील."

"काही असलं तर लगेच कळतं का?"

"कळत असेल."

 अकरावा नंबर पुकारला तेव्हा कानवाल्यांना खांद्यावर वजन जाणवलं. तिची मान त्यांच्या खांद्यावर कलली होती. तोंड थोडं उघडं होतं, आणि श्वासात अशी बारीक घरघर होती जी त्यांनी इतक्या महिन्यांत एकदाही ऐकली नव्हती. खरी झोप अशी वाजते तर, त्यांना वाटलं.

ते हलेनासे झाले. खांदा आखडला, हाताला मुंग्या आल्या. घशात खवखव सुटली. ती त्यांनी गिळली, पुन्हा गिळली, डोळे मिटून मनातल्या मनात मोजत बसले. समोरच्या बाईने विचारलं, पाणी हवंय का? त्यांनी बोटाने तिला गप्प राहायची खूण केली.

"सतरा नंबर!" दारातून नर्सने हाक मारली.

कुणीच उठलं नाही. नर्सने बाकावर नजर फिरवली. "सतरा कोण आहे?"

कानवाल्यांनी शेजारी बसलेल्या, हाताला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही जा आधी," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले.